बर्डीच्या किल्ल्यासारखा पहारा

सगळ्यांना सलाम. प्रार्थनेतून आनंद आणि शांती कशी मिळते यावर बोला असं मला सांगितलंय, पण मी काही पाळक नाही, शाळेत शिकवत होते, आता रिटायर झाले, त्यामुळे जे अनुभवलं तेवढंच सांगते.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता, ह्यांचं ऑपरेशन होतं. रात्रीचे दोन वाजलेले, मी वॉर्डाबाहेर बाकावर, मांडीवर रिकामा डबा, आणि कॉरिडॉरमधला कूलर नुसती गरम हवा फेकत होता. मी प्रार्थना सुरू केली, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या..." आणि पुढे शब्दच येईना! चाळीस वर्षं चर्चमध्ये उभं राहून प्रार्थना केलेली बाई मी, आणि त्या रात्री काहीच सुचेना. मग आईची आठवण आली, ती म्हणायची, "देवापाशी कायले लपवतं वो, त्याले सारं मालूम हाये." मग मी सरळ म्हटलं, देवा मला भीती वाटतेय, पैसे पुरणार नाहीत, आणि मला तुझा रागही आलाय. बस एवढंच. त्या दिवसात पहिल्यांदा खरं बोलले मी.

आपल्याला वाटतं देवापुढे असं बोलू नये. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा ना, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी नुसतं रडगाणं आहेत. तेरावं घ्या, सहाच ओव्या, सुरुवातीलाच दावीद राजा विचारतो की देवा, अजून किती दिवस मला विसरणार आहेस, आणि शेवटी तोच माणूस गातोय. मधे त्याचा शत्रू हरला, संकट टळलं असं कुठेही लिहिलेलं नाही हं, मी परत परत वाचून बघितलंय. त्याने फक्त मनातलं सगळं देवापुढे ओतलं.

आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आठवतात का, १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना ट्रेनमध्ये एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग, ओव्या, भजनं लिहिली म्हणून आपण आज देवाशी घरच्या भाषेत बोलू शकतो, हे मला फार मोठं वाटतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण 'रोजची भाकर' मागतो, बघा. स्वयंपाकघरातला शब्द आहे तो.

आता शांतीचं. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना प्रेषित पौल स्वतः कैदेत होता, आणि लिहितो काय तर चिंता करू नका, मागणं देवाला कळवा, पण आभार मानून कळवा, मग देवाची शांती तुमचं अंतःकरण राखील. हे 'राखील' आपण भरकन वाचून जातो, पण मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे, आणि फिलिप्पै ही रोमी वसाहत, जुन्या सैनिकांना तिथे वसवलेलं, त्यांना ते लगेच समजलं असणार. आपल्या नागपुरात बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा, किल्ला आहे ना, खाली मार्केटमध्ये केवढी गर्दी, ऑटोवाले, भाजीवाले, हॉर्न, आणि वर टेकडीवर सैन्य आपलं शांतपणे बसलेलं. गोंधळ बंद होत नाही, पहारा असतो. मला ही शांती तशीच वाटते.

त्या रात्री आभार कशाचे मानू हेही कळेना, मग म्हटलं नर्सबाईने उशी आणून दिली त्याबद्दल थँक्यू देवा, माठातल्या गार पाण्याबद्दल थँक्यू. एवढं म्हणता म्हणता बसल्या जागी डोळा लागला, पाचला जाग आली. रिपोर्ट काही बदलला नव्हता, पण मन हलकं होतं, आणि खरं सांगते, त्यात आनंदही होता, कुठून आला मला नाही सांगता येणार.

ह्यांच्या तपासण्या अजून चालूच आहेत, येत्या गुरुवारी परत रिपोर्ट आहे. काल रात्री पोटात गोळा आलाच, मग उठले, लाईट न लावता स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि म्हटलं, देवा, मी परत आले.