पावसाला न मानणारं घर

नमस्कार श्रोतेहो.

हॉलमध्ये पाऊस पडतोय, रॅम्पवर पाऊस पडतोय, गॅरेजची भिंत पार भिजली आहे. माझ्या न्हाणीघरात तर अजूनही छताच्या काचेतून पाणी येतं आणि हवा बिघडली की तळं साचतं. 1936 च्या सप्टेंबरात एका फ्रेंच बाईंनी आपल्या आर्किटेक्टला पाठवलेल्या पत्राचा हा आशय. आपल्याकडे जुलै महिन्यात हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीकडे वरच्या मजल्यावरून जे अर्ज येतात, त्यांची भाषा काही याहून वेगळी नसते. फरक इतकाच, की ज्या घराबद्दल ही तक्रार होती ते विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या घरांपैकी एक. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना त्याचे नकाशे आजही गिरवावे लागतात.

घराचं नाव व्हिला साव्वा. पॅरिसच्या पश्चिमेला, साधारण तीस किलोमीटरवर, सेन नदीच्या खोऱ्यात प्वासी नावाचं गाव आहे, तिथलं. पत्र लिहिणाऱ्या बाई युजेनी साव्वा. त्यांचे पती पिएर साव्वा विम्याच्या धंद्यातले, खाऊनपिऊन चांगले सुखी. आणि आर्किटेक्ट होता ल कॉर्बुझिए. तोच, ज्याने पुढे आपलं चंडीगड आखलं.

ल कॉर्बुझिएचं खरं नाव शार्ल-एदुआर झानरे. 1887 साली स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळं बनवणाऱ्या गावात तो जन्मला. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मुलामा चढवण्याचं काम करत. पुढे तो पॅरिसला आला, नाव बदललं आणि 1923 पर्यंत त्याने सगळीकडे एक वाक्य पसरवून ठेवलं होतं: घर म्हणजे राहण्याचं यंत्र. या वाक्याने त्याचं नाव जितकं झालं तितकंच नुकसानही. कारण यंत्र म्हटलं की ते चाललं पाहिजे, ही अपेक्षा ओघानेच आली.

1928 मध्ये साव्वा पतिपत्नी त्याच्याकडे आले. शनिवार-रविवारी शहराबाहेर राहायला घर हवं होतं. युजेनीबाईंनी मागण्यांची यादी लिहून दिली होती. थंड-गरम पाणी, गॅस, वीज, घरभर ऊब देणारी व्यवस्था, वाइन ठेवायची खोली, तीन गाड्यांची जागा. पुढेमागे घर वाढवावं लागलं तर ते कुरूप न होता वाढवता यावं, अशीही एक अट होती. यादी वाचताना वाटतं, बाई व्यवहारी होत्या. आर्किटेक्टला मात्र मोकळा माळ, भोवती झाडं, लांबवर दिसणारी नदीची दरी आणि हात सैल असलेला मालक मिळाला होता. त्याने आणि त्याचा चुलतभाऊ-भागीदार पिएर झानरे याने मिळून जे काढलं ते वाढवता येण्यासारखं नव्हतंच. चारी बाजूंनी पुरी झालेली पांढरी चौकोनी पेटी, आणि ती बारीक खांबांवर अधांतरी उचललेली. तिला कुठून काय जोडणार?

हे घर पाहायचं तर मोटारीतून जायला हवं, कारण ते मोटारीसाठीच मांडलंय. झाडांमधून रस्ता येतो आणि थेट घराच्या पोटाखाली शिरतो. खालच्या मजल्याची भिंत काचेची, अर्धगोल. ती वळण का घेते? तर त्या काळच्या मोटारीला वळायला जेवढी जागा लागे, तेवढीच गोलाई त्या काचेला दिली आहे. ड्रायव्हर मालकांना दारात उतरवणार, तसाच वळसा घालून गाडी तिरक्या गॅरेजमध्ये लावणार. या तळमजल्याच्या भिंतींना गडद हिरवा रंग दिला, म्हणजे त्या झाडीत मिसळून जातात आणि वरची पांढरी पेटी आणखीच तरंगल्यासारखी दिसते. आपल्या शहरांतल्या इमारतींखाली आज जे स्टिल्ट पार्किंग असतं, त्याचं कूळ शोधत गेलात तर या खांबांशी पोचाल. तिथे उभ्या केलेल्या स्कूटरींना ते कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

दार उघडून आत आलं की समोर एक वॉशबेसिन. दिवाणखाना नाही, फोटो नाही, एका खांबाशेजारी नुसतं उघडं, पांढरं हात धुवायचं भांडं. बाहेरून आलात, हात धुवा. फ्रान्सच्या मानाने हे विचित्र वाटत असेल. दारातच पाय धुवायला पाणी ठेवणाऱ्या आपल्या लोकांना त्याचं फारसं नवल वाटू नये.

आणि मग रॅम्प. या घराचा जीव तिथे आहे. मुख्यतः नोकरांच्या वावरासाठी म्हणून एक गोल वळत जाणारा जिनाही शेजारी आहे, तोही देखणा आहे. पण घराच्या अगदी मधोमध, सगळ्यात महागाची जागा अडवून, एक लांब संथ चढण वर जाते. जिन्यावर माणसाचं लक्ष पायरीकडे असतं. चढणीवर डोळे मोकळे राहतात. तुम्ही चालत राहता आणि घर तुमच्याभोवती हळूहळू फिरतं. एका अंगाला काच येते, काचेपलीकडे उघडी गच्ची दिसते, गच्चीपलीकडे दिवाणखाना, त्यापलीकडे पुन्हा झाडं. आत कुठे संपलं आणि बाहेर कुठे सुरू झालं, याचा थांग लागत नाही. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर रॅम्प थांबत नाही. तो घराबाहेर पडतो, उघड्या आभाळाखाली वळतो आणि छतावर जातो. तिथे उन्हात बसण्यासाठी वळणदार आडोसा केलाय आणि चढणीच्या नेमक्या समोर, भिंतीत, एक चौकोन कापून ठेवलाय. त्यातून नदीची दरी दिसते. एवढा सगळा प्रवास त्या एका चौकटीपर्यंत आणून सोडण्यासाठी.

पहिल्या मजल्याची आडवी पट्टीसारखी खिडकी घराच्या चारही बाजूंना सलग फिरते. ती ज्या ठिकाणी गच्चीच्या भिंतीवरून जाते तिथे तिला काच नाही, नुसती फट आहे. बाहेरून पाहणाऱ्याला कळतच नाही की इथे मागे खोली आहे की आभाळ. मला विचाराल तर अख्ख्या घरातली सगळ्यात हुशार जागा ही. भिंती भार घेत नाहीत, भार काँक्रीटच्या खांबांवर, म्हणून भिंतीत हवी तिथे हवी तेवढी लांब फट पाडता येते. हे तंत्र तो कितीतरी वर्षं सांगत होता. इथे त्याने ते करून दाखवलं, आणि गंमत म्हणून दाखवलं.

आता पावसाकडे येऊ.

सपाट छताचं त्याचं समर्थन ऐकण्यासारखं आहे. तो बर्फाच्या मुलखातला. तिकडे उतरत्या छपरावर बर्फ साचतं, घर आतून तापवलेलं असलं की तळाचं बर्फ वितळतं आणि वळचणीला जाऊन पुन्हा गोठतं. पाणी तुंबतं, मग घरात उतरतं. त्याचं म्हणणं, छत सपाट करा, पाणी मध्याकडे घ्या आणि घराच्या आतूनच नळाने खाली न्या. घराच्या उबेत ते गोठणार नाही. वर माती टाका, झाडं लावा, म्हणजे काँक्रीट तापून-गार होऊन तडकणार नाही. कागदावर हे बिनतोड आहे. बांधकामात थोडीफार हयात घालवलेल्या कुणालाही मात्र हे ऐकून धडकी भरेल. पाणी आपणहून बाहेर जायला तयार असताना त्याला आत बोलावून घराच्या मधून वाट द्यायची, म्हणजे एक सांधा जरी कच्चा राहिला तरी ते थेट डोक्यावर.

शिवाय पांढऱ्या पेटीची धार बिघडू नये म्हणून भिंतीच्या माथ्यावर छज्जा नाही, कार्निस नाही. छज्जाला खालच्या अंगाने एक खाच असते, थेंब तिथे तुटून खाली पडावा म्हणून. आपल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला हे झोपेत विचारलं तरी सांगेल. छज्जाच नाही म्हटल्यावर पाणी गिलाव्यावरून ओघळत जाणार, ओल धरणार, पोपडे येणार. त्यात त्या बाहेरून एकसंध काँक्रीटच्या दिसणाऱ्या भिंती म्हणजे खांबांच्या सांगाड्यात भरलेलं साधं बांधकाम, वर गिलावा, वर पांढरा रंग. छतातल्या काचांवर पाऊस असा वाजे की झोप लागत नाही, अशी तक्रार बाईंनी सुरुवातीच्याच काळात केली होती. कंत्राटदाराकडे बोट दाखवायला जागा आहे, नाही असं नाही. पण दुखण्याचं मूळ नकाशाच्या कागदावरच आहे. त्या रेषेला पाऊस मान्यच नव्हता.

1931 मध्ये ल कॉर्बुझिएने साव्वांना कळवलं, की खालच्या हॉलमधल्या टेबलावर एक वही ठेवा, पाहुणे नाव-पत्ता लिहितील, बघा किती नामवंतांच्या सह्या जमतात ते. तक्रारींच्या पार्श्वभूमीवर हा सल्ला वाचून हसू येतं. खरं सांगायचं तर त्याचा अंदाज चुकला नाही, लोक आले, अजून येतात. पण ओल्या गॅरेजपुढे उभ्या असलेल्या बाईंना त्या सह्यांचा काय उपयोग? 1937 मध्ये युजेनीबाईंनी निर्वाणीचं पत्र लिहिलं: हे घर राहण्याजोगं नाही, ते ताबडतोब राहण्याजोगं करून द्या, कोर्टाची पायरी चढायची वेळ माझ्यावर आणू नका.

ती वेळ आली नाही. 1940 मध्ये युद्ध दाराशी आलं आणि साव्वांनी घर सोडलं. आधी जर्मन सैन्य तिथे राहून गेलं, मग अमेरिकन. दोघांनी घराची दुर्दशा केली. पुढे प्वासीच्या नगरपालिकेने ती जमीन शाळेसाठी ताब्यात घेतली आणि 1959 च्या सुमाराला घर पाडायचं घाटत होतं. जगभरच्या आर्किटेक्ट मंडळींनी आरडाओरडा केला, तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी लक्ष घातलं आणि घर वाचलं. शाळा शेजारी झाली. तिला नाव कुणाचं दिलं असेल? ल कॉर्बुझिएचंच. 1965 मध्ये घर सरकारी संरक्षणाखाली आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो भूमध्य समुद्रात पोहायला गेला आणि परत आला नाही.

पण या माणसाला नुसतं ‘गळक्या गच्चीवाला’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांना मी एकच सांगेन, त्याचं हिंदुस्थानातलं काम बघा. 1951 मध्ये तो चंडीगडसाठी इथे आला आणि पाऊस म्हणजे काय ते त्याला कळलं. आपल्या पावसाशी वाद घालता येत नाही. चंडीगडच्या हायकोर्टाला त्याने इमारतीहून वेगळं, वर वळलेल्या कडांचं दुसरं छत्र दिलं. विधानसभेच्या दर्शनी मंडपाचं छत तर उघडउघड पन्हळ आहे, अवाढव्य, आभाळाकडे तोंड करून ठेवलेलं. अहमदाबादला मनोरमा साराभाईंच्या घराच्या कमानी छतांवर त्याने माती घातली, हिरवळ लावली. प्वासीत पाण्याला लपवून नेणारा माणूस इथे त्याला मिरवून खाली आणतो. 2016 मध्ये युनेस्कोने सात देशांतली त्याची सतरा कामं एकाच वेळी जागतिक वारशात घेतली. त्यात प्वासीचं घर आहे आणि चंडीगडचं कॅपिटॉल संकुलही, म्हणजे हायकोर्ट, विधानसभा या इमारतींचा तो परिसर.

अहमदाबादच्या कामांवर देखरेख करायला त्याने जो तरुण पाठवला तो आपला पुण्याचा. बाळकृष्ण दोशी. 1927 चा जन्म, घरचा फर्निचरचा व्यवसाय, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. 1951 मध्ये ते पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या कचेरीत दाखल झाले, सुरुवातीला बिनपगारी. 1954 मध्ये परत येऊन अहमदाबादला स्थायिक झाले आणि 2018 मध्ये आर्किटेक्चरमधला मोठ्या मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांनी स्वतःच्या कचेरीसाठी बांधलेली ‘संगाथ’ ही वास्तू अहमदाबादला जाल तेव्हा जरूर बघा, शक्यतो पावसाळ्यात. अर्धगोल छतांवर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी आहे, आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात तीच. तिच्यावरून पाणी मोकळं घसरतं, पाटांत उतरतं आणि पायऱ्यांजवळच्या कुंडांत जाऊन पडतं.

आणि पॅरिसला जाणं झालं तर प्वासीला उपनगरी गाडीच्या ए मार्गाने जाता येतं, पुढे बस मिळते. आत गेल्यावर जिन्याने चढू नका, रॅम्पनेच जा.

नमस्कार.