ट्रॅक्टरखालून माणूस जिवंत काढायचा तर

(दृश्य: भाताचं खाचर, रुतलेला ट्रॅक्टर)

चिखलणी चालू असताना ट्रॅक्टर रुतलाय. मागची चाकं निम्मी गाळात. अशा वेळी गावोगाव एकच उपाय केला जातो. मोठ्या चाकाला आडवं लाकूड बांधायचं, पहिला गिअर टाकायचा, रेस वाढवायची आणि क्लच सोडायचा. लाकूड मातीत अडकतं आणि चाक फिरायचं थांबतं. इंजिनाचा जोर मात्र थांबत नाही. चाक हलत नसेल, तर तोच जोर ट्रॅक्टरचं धड मागच्या एक्सलभोवती फिरवतो. बॉनेट वर उठतं आणि ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो.

पुढची चाकं जमीन सोडल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ती वेळ येते, जिथून ट्रॅक्टर परत खाली येत नाही. दीड सेकंदात तो पूर्ण उलटा झालेला असतो. क्लच दाबला की जोर तुटतो, हे प्रत्येक चालकाला माहीत आहे. पण पुढचं उचललंय हे कळून पाय पेडलवर दाबला जाईपर्यंतच पाऊण सेकंद संपतो. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणारा माणूसही यात सापडतो, त्याचं कारण हे.

रुतलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये काढावा. चाकांमागची माती खोऱ्यानं ओढून वाट करा आणि कमी रेसवर सावकाश मागे घ्या. रिव्हर्समध्ये जोराची दिशा उलटी असते, त्यामुळे पुढचा भाग उचलला जात नाही, उलट खाली दाबला जातो. तरीही निघाला नाही, तर दुसरा ट्रॅक्टर लावा. पण ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या दांडीलाच अडकवा. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी किंवा एक्सलला बांधलेली साखळी वरून ओढ देते आणि मग मदतीला आलेलाच ट्रॅक्टर मागे पलटी होतो.

(दृश्य: ओढ्याकाठची पाणंद, उसाची भरलेली ट्रॉली)

आडवी पलटी याहून जास्त वेळा होते. ओढा किंवा चर आठ फूट खोल असेल, तर चाक काठापासून निदान आठ फूट आत हवं. पावसात भिजलेला काठ ट्रॅक्टरच्या वजनानं खालून सरकतो, वरून तो पक्का दिसला तरी. वळणावर वेग दुप्पट केला, की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी लावायला विसरू नका. शेतात वळण घ्यायला सोडलेले ब्रेक तसेच राहिले आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो. मागे भरलेली ट्रॉली असेल, तर ती ढकलत राहते आणि उरलेलं काम तीच करते.

या सगळ्यातून माणूस वाचवणारी एकच गोष्ट आहे: रोल बार, म्हणजे चालकाभोवतीची पोलादी संरक्षक चौकट, आणि सीट बेल्ट. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना संरक्षक चौकट सक्तीची केली. तिथे १९५७ मध्ये दर लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला १७ जण पलटीत मरत होते. १९९० पर्यंत हा आकडा ०.३ वर आला.

आपल्याकडे ट्रॅक्टरवर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवलेलं हूड असतं. रंगवलेलं, झालरी लावलेलं. ते उन्हापासून वाचवतं, पण पलटीत त्याचा पाइप पहिल्या दणक्यातच वाकतो. रोल बार एक्सलच्या घराला जाड बोल्टांनी बसवलेला असतो आणि दोन टनांचा ट्रॅक्टर पेलण्यासाठी चाचणी करून पास केलेला असतो. रोल बार उभा असेल, तर बेल्ट लावाच. द्राक्षाच्या मांडवाखाली जाताना घडीचा रोल बार दुमडून खाली पाडला असेल, तर तेवढ्यापुरता बेल्ट काढा, कारण तेव्हा सीटला बांधलेला माणूस ट्रॅक्टरखालीच जातो. मांडवातून बाहेर आल्यावर दोन्हींची जागा पूर्ववत करा. मडगार्डवर बसलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच वाचवत नाही. ती जागा बसायची नाही.

(दृश्य: उलटलेला ट्रॅक्टर, धावत येणारी माणसं)

आता समजा, पलटी झालीच आणि माणूस खाली आहे.

धावत आलेली माणसं लगेच ट्रॅक्टर उचलायला हात लावतात. थांबा. आधी इंजिन बंद करा. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, डॅशबोर्डजवळचा बंद करायचा दांडा ओढावा लागतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिझेल सांडलेलं असतं, सायलेन्सर तापलेला असतो. विडी-काडी लांब ठेवा. ट्रॅक्टर ज्या बाजूला सरकू शकतो, तिकडे दगड, ओंडके दाबून बसवा.

खाचरात पाणी असेल, तर सगळ्यात आधी नाकातोंडातला गाळ काढा आणि डोकं पाण्याच्या वर धरा. त्याच वेळी एकानं बांध फोडून पाणी सोडायचं. वीतभर पाण्यातही माणूस बुडतो.

एकानं १०८ ला फोन करावा. शिवार, जवळचं मंदिर किंवा विजेचा डीपी, फाट्यापासूनचं अंतर आणि माणसाचा कुठला भाग दबलाय, हे सांगा. दुसऱ्यानं मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबावं. पाणंदीत गाडी येत नाही. बाज किंवा रुंद फळी आधीच तयार ठेवा.

छाती, पोट किंवा मान दबली असेल, तर वाट बघायला वेळ नाही, श्वास मोकळा करायलाच हवा. मऊ जमिनीत ट्रॅक्टर उचलण्यापेक्षा माणसाखालची माती उकरणं बहुतेकदा लवकर होतं आणि सुरक्षितही असतं. उचलायचंच असेल, तर जॅकखाली फळी घाला, दोन बोटं उचला, लाकूड सरकवा, पुन्हा दोन बोटं. लाकडाशिवाय उचलू नका. जॅक निसटला तर ट्रॅक्टर दुसऱ्यांदा त्याच माणसावर पडतो. दोर बांधून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढणं तर कधीच नाही. वजन अंगावरून फरफटत जातं. जेसीबी असेल, तर पट्टा बांधून सरळ वर उचलायला लावा, बकेटनं ढकलायला नको.

फक्त मांडी किंवा पाय बराच वेळ दबलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तासाभराच्या आसपास आणि पुढे दबलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि इतर घटक सुटत राहतात. वजन काढल्याबरोबर ते एकदम रक्तात येतात. पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं आणि स्नायूंमधल्या द्रव्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. मगाशी बोलणारा माणूस बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत जातो, तो यामुळे. म्हणून पाय बराच वेळ दबलेला असेल, श्वास नीट चालू असेल आणि १०८ वाटेत असेल, तर डॉक्टर येऊन सलाईन चालू होऊ द्या, मग वजन काढा. दबल्याची वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना ती न विसरता सांगा. रुग्णालयात लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते मूत्रपिंडावर ताण आल्याचं लक्षण आहे, लगेच दाखवा.

रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड दाबून धरा. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवा. पाणी मागितलं तरी तोंडानं देऊ नका. शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

ट्रॅक्टर नंतर सरळ केला, की लगेच सेल मारू नका. उलटं असताना ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं आणि ते दाबलं न गेल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून इंजिन फिरवून घ्या. आणि वाकलेला रोल बार तापवून, ठोकून सरळ करू नका, वेल्डिंगही नको. त्याची ताकद एकाच पलटीत संपलेली असते. नवा बसवा, बोल्ट आणि बेल्टसकट.