न्हाणीघराच्या दारापलीकडचा डार्सी

हे इंग्लंडमधलं बाथ शहर, आणि ही १७७१ साली खुली झालेली असेम्ब्ली रूम्सची इमारत. नाचघराची ही पाच झुंबरं पाहा. यांच्याच उजेडात कितीतरी आयांनी आपल्या लेकींसाठी स्थळं हेरली. नाच संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा आणि अकराच्या ठोक्याला वाद्यं थांबायची. जे काही जमवायचं ते तेवढ्या वेळात.

१८११ ते १८२० या काळाला रीजन्सी म्हणतात. राजा तिसरा जॉर्ज आजारी होता, कारभार युवराजाच्या हाती. आपल्याकडे पेशवाई बुडाली तीही याच वर्षांत. रीतसर ओळख करून दिल्याशिवाय परक्या मुलीला नाचायला विचारायचं नाही. एकाच मुलीबरोबर दोनदा नाचलं तर ठीक, तिसऱ्यांदा नाचलं की चर्चेला ऊत. लग्न ठरल्याखेरीज एकमेकांना पत्रसुद्धा लिहायचं नाही.

अशा जगात आजची मुलगी गेली तर?

२००८ साली ब्रिटिश टीव्हीवर आलेली 'लॉस्ट इन ऑस्टिन' ही मालिका नेमकं हेच करते. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात राहणारी, बँकेत नोकरी करणारी अमांडा. तिच्या न्हाणीघरात अचानक एलिझाबेथ बेनेट उभी राहते, त्याच काळातल्या लेखिका जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीची नायिका! एका दारातून अमांडा थेट त्या कादंबरीत जाते आणि एलिझाबेथ आजच्या लंडनमध्ये राहते. कादंबरी तोंडपाठ, त्यामुळे कुणाचं लग्न कुणाशी व्हायचं हे अमांडाला पक्कं ठाऊक. पण तिच्या नुसत्या असण्यानेच सगळं बिघडतं. एलिझाबेथच्या सालस बहिणीचं, जेनचं, लग्न आढ्यतेखोर पाद्री कॉलिन्सशी लागतं, त्या कॉलिन्सशी!

आणि ते तळं. याच कादंबरीवरच्या १९९५च्या बीबीसी मालिकेत कॉलिन फर्थचा डार्सी, म्हणजे कादंबरीचा नायक, तळ्यात डुबकी मारून ओल्या सदऱ्याने चालत येतो. कादंबरीत हा प्रसंग नाहीच. तरी अमांडा तिच्या डार्सीला तळ्यात उतरायला लावते, आणि तोही उतरतो. का उतरायचं हे त्याला कळत नाही. तिला हवंय एवढंच कळतं. नाचघरातल्या सगळ्या नियमांपेक्षा मला इथे प्रेम जास्त दिसतं.

पुढे मात्र हसू थांबतं. अमांडाच्या आयुष्यात आधी पुरुष येऊन गेलेत हे कळताच डार्सी मागे फिरतो. मालिका इथे त्या काळाला गोंजारत नाही, हे फार चांगलं. लग्नानंतर बायकोचा पैसा नवऱ्याचा होई. इंग्लंडात तो कायदा बदलायला १८७० आणि १८८२ साल उजाडावं लागलं.

पण म्हणून तिथल्या बायकांना धीर शिकवायला आपली नायिका हवी, असं मुळीच नाही. डिसेंबर १८०२. जेन ऑस्टिन सत्ताविशीला टेकलेली, हाती पैसा नाही. हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली. संध्याकाळी तिने होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नकार. ज्या गोष्टींत आजची नायिका भाषणं ठोकते, त्या मला म्हणूनच पोकळ वाटतात.

२०१३च्या 'ऑस्टिनलँड' सिनेमात काळाचा प्रवास नाही, पैसे मोजून घेतलेली सुट्टी आहे. नायिका साठवलेली सगळी पुंजी ओतते, तरी परवडतं सर्वांत स्वस्त पॅकेज. मग तिच्या वाट्याला येतो साधा तपकिरी झगा, नोकरांच्या बाजूची खोली आणि अनाथ मुलीची भूमिका. प्रेम करणारे पुरुष पगारी नट. हा तरी खरा, असं वाटून ती तबेल्यातल्या तरुणाकडे वळते, तर तोही पगारीच. खिशाप्रमाणे पायरी ठरते, हे रीजन्सीचं मर्म या सिनेमाने अचूक पकडलंय.

अमांडा शेवटी डार्सीपाशीच राहते. एलिझाबेथ मात्र हॅमरस्मिथमध्ये केस कापून, मुलं सांभाळायची नोकरी धरून मजेत असते. चार भागांत तिच्या वाट्याला मोजकीच दृश्यं आली. माझा जीव तिच्यातच अडकलाय. पहिला पगार हातात आल्यावर तिने काय केलं असेल, ती गोष्ट मला बघायचीय.