बोट हाच पासवर्ड असेल तर तो बदलायचा कसा?

नमस्कार मंडळी! समजा तीनशे वर्षांनी माणसं मंगळापर्यंत पसरलीत आणि प्रत्येकाला वेगळं ओळखायचंय, तर नंबर केवढा लागेल? नावाचं सोडाच, आमच्या डिचोलीकडे एका वाड्यावर हाक मारली तर चार गावकर वळून बघतात.

गंमत म्हणजे नंबर लहानच पुरतो. १ ची ३३ वेळा दुप्पट करा, ८५८ कोटींच्या वर जाता, म्हणजे प्रत्येक उत्तराला उरलेली माणसं निम्मी होतील असे हो-नाही उत्तराचे नेमके ३३ प्रश्न विचारले की आजच्या जगातला कुठलाही माणूस सापडला. आपला आधार १२ अंकी, सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, शेवटचा अंक फक्त तपासणीचा (एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे टाइप झाले तर तो पकडतो), तरीही ८ हजार कोटी नंबर उरतात. मंगळवाले पण बसले त्यात!

खरी डोकेदुखी पुढे आहे, हा नंबर ह्याच माणसाचा कशावरून? माझी मावशी कितीतरी वर्षं काजू कारखान्यात बिया फोडायची, सालीतलं तेल इतकं जहाल की बोटांची कातडी जळते, रेषा पुसट होतात, मग रेशनला मशीन म्हणतं ही ती नव्हेच. डीएनए घ्यावा तर एकसारख्या जुळ्यांचा जवळपास सारखाच, आणि उद्या क्लोन आले तर ते म्हणजे उशिरा जन्मलेले जुळेच की. बुबुळ मात्र भारी, त्यावरची नक्षी गर्भात बरीचशी योगायोगाने बनते, त्यामुळे जुळ्यांची सोडा, तुमच्या स्वतःच्या दोन डोळ्यांची पण जुळत नाही.

पण हे सगळं एकदा चोरीला गेलं की गेलं, नवं बोट कुठून आणणार? एस्टोनियात २०१७ साली लाखो ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला, तिथे कार्डातल्या गुप्त किल्ल्या (म्हणजे कार्ड खरं आहे हे पटवणारे लांबलचक गुप्त आकडे) बदलल्या, माणसांचे नंबर तेच राहिले. मला भविष्य असंच दिसतं, नंबर कायमचा, किल्ली बदलता येणारी, आणि बोट-डोळा फक्त किल्ली हरवली तर.

मावशीचं काम शेवटी डोळ्यावर झालं, मशीनने एका झटक्यात ओळखलं. आता तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तर काल मला विचारते, "बाबा, मग परत रांगेत उभं राहायचं काय रे?"