पैसा अमेरिकेचा, आयुष्य जपानचं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पेशंटची वाट बघत बसलेल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, "अमेरिकेत असता तर वाचला असता." एखाद्या पेशंटपुरतं ते खरंही असेल. पण अख्ख्या देशाचा हिशोब मांडला की गणित फिरतं. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे 17 टक्के हिस्सा आरोग्यावर घालवते, जपान 11 टक्क्यांच्या आसपास. तरी जपानी माणूस सरासरी 84 वर्षं जगतो आणि अमेरिकन जेमतेम 78-79.

मग एवढा पैसा जातो कुठं? तिथले लोक उठसूट डॉक्टरकडं पळतात म्हणावं, तर दवाखान्याच्या फेऱ्या जपानी माणूसच कितीतरी जास्त मारतो. खरी गोम दरात आहे. जपानमध्ये 1961 पासून सगळ्यांना विमा आहे. तपासणीपासून ऑपरेशनपर्यंतचे दर सरकार ठरवतं आणि दर दोन वर्षांनी ते बदलतं. अमेरिकेत औषध तेच, एमआरआय तीच, पण बिल बघूनच धडधाकट माणूस आडवा व्हावा! शिवाय तिथं तरणीताठी माणसं जातात, गोळीबारात, रस्त्यावर, नशेपायी. 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षी नशेच्या अतिसेवनानं लाखाहून जास्त माणसं मेली. तिथं निष्णात सर्जन काय करणार?

पण असे तक्ते डोळे झाकून घेऊ नका बरं. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळानं एक श्वास घेतला, तरी अमेरिकेत त्याचा जन्म नोंदवतात. सगळ्याच देशांत तसं होत नाही, म्हणून अमेरिकेचा बालमृत्यूचा आकडा थोडा फुगतो. मात्र महिनाभर जगलेली बाळंही तिथं ऑस्ट्रिया-फिनलंडपेक्षा जास्त दगावतात. तिथं नोंदीची सबब चालत नाही.

कॅन्सरमध्ये 'निदानानंतर पाच वर्षं किती जण जगले' हे मोजतात, त्या आकड्यांत तर भलतीच मेख आहे. समजा, एका बाईचा कॅन्सर साठाव्या वर्षी तपासणीत सापडला. दुसरीचा कळला चौसष्टाव्या वर्षी, गाठ हाताला लागली तेव्हा. दोघीही सदुसष्टाव्या वर्षी गेल्या. पहिलीची नोंद 'निदानानंतर पाच वर्षं जगलेल्यांत', दुसरीची नाही. आयुष्य दोघींचं तेवढंच!

आपल्याकडंही मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथं झाला तिथं. जालन्याहून, बीडहून शेवटच्या घटकेला आणलेला माणूस घाटीत गेला, तर आकडा छत्रपती संभाजीनगरच्या रजिस्टरात चढतो. नुसती रजिस्टरं चाळून जिल्ह्याजिल्ह्यांची क्रमवारी लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मला या सगळ्यात भावतं ते जपानमधल्या नागानो प्रांताचं काम. तिकडं लांबलचक थंडी, म्हणून भाज्या मिठात मुरवून खायच्या आणि वर आंबवलेल्या सोयाबीनचं खारट मिसो सूप. मीठ जास्त झालं की बीपी वाढतं आणि त्यातून पक्षाघात होतो. 1951 पासून जवळजवळ तीस वर्षं जपानमध्ये सर्वाधिक मृत्यू पक्षाघातानं व्हायचे. नागानोतल्या गावोगावच्या स्वयंसेविका घरोघरी गेल्या, सुपातला खारटपणा मोजला, मीठ कमी करायला शिकवलं. आज जपानमधल्या सगळ्यात दीर्घायुषी प्रांतांत नागानोचं नाव आहे. यात कुठलं मोठं मशीन नव्हतं.

आपल्या आशाताईही तिशी ओलांडलेल्यांना आजारांचा धोका किती ते बघायचा फॉर्म भरायला घरी येतात. कमरेचा घेर मोजायला टेप काढली की बाया लाजून आत पळतात आणि तोंडात तंबाखूचा बार भरलेले बाप्ये हसण्यावारी नेतात. वय, तंबाखू, दारू, घेर, व्यायाम, घरातल्यांचे आजार या सगळ्यांचे मिळून चारपेक्षा जास्त गुण झाले, की तपासणीला आधी बोलावतात. तेव्हा फॉर्म खरा भरा, तंबाखू लपवू नका. बीपी आणि शुगर उपकेंद्रात फुकट बघतात.