पाणी बाजूला केलं तर

बारावीला रसायनशास्त्र घेतलेले बरेच जण इथे दिसताहेत, म्हणून तिथूनच सुरू करतो. डायमिथिलअमाइन, मग मिथिलअमाइन, मग ट्रायमिथिलअमाइन आणि शेवटी अमोनिया. पाण्यात यातला कोणता आम्लारी, म्हणजे प्रोटॉन ओढून घेणारा, जास्त बलवान, याचा हा क्रम. मी तो पाठ केला होता, आणि पुढे पंचवीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतला. पण तो मला खटकायचा. पीकेएचे आकडे बघा; इथे आकडा जितका मोठा तितका आम्लारी बलवान. अमोनिया ९.२५. त्यातल्या नायट्रोजनला एक मिथिल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडला की १०.६, दुसरा जोडला की १०.७. मग तिसऱ्यानं काय घोडं मारलं? तो आला की घसरून ९.८. मुलं विचारायची, मी सांगायचो, "सॉल्व्हेशन." मुलं वहीत लिहून घ्यायची. त्यांनाही कळलेलं नसायचं, मलाही नसायचं.

या कोड्याला सरळ उत्तर हवं असेल तर पाणी काढून टाकावं लागतं. नुसतं कमी करून भागत नाही. एक अमाइन, एक प्रोटॉन, आणि आजूबाजूला लुडबुडायला कोणी नाही, अशी अवस्था हवी. ती ज्यांनी प्रयोगशाळेत आणली त्यांतले एक पॉल केबार्ले. जन्म बल्गेरियातल्या सोफियाचा आणि आयुष्यभराचं काम कॅनडात एडमंटनला, अल्बर्टा विद्यापीठात.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा तराजू. रेणूला विद्युतभार द्यायचा, म्हणजे त्याचा आयन करायचा, आणि चुंबकीय क्षेत्रातून सोडायचा. हलका असेल तर जास्त वळतो, जड असेल तर कमी. त्यासाठी आत उत्तम निर्वात लागतो, नाहीतर आयन वाटेतच कुणावर तरी आपटायचा. त्यामुळे या यंत्रावर काम करणारे लोक सोवळ्यातल्यासारखे वागत: आयनाला वाटेत कुणी शिवता कामा नये.

केबार्लेंनी १९६०च्या दशकात हे सोवळं मोडलं. आयन जिथे तयार होतात त्या छोट्या कोठीत त्यांनी मुद्दाम वायू भरला, नेहमीच्या मानानं भरपूर. आता आयन आत हजारो वेळा धडका खाणार, प्रोटॉन एकाकडून दुसऱ्याकडे जाणार, परत येणार, आणि शेवटी समतोल साधणार. कोठीला केसाहून बारीक फट. त्या फटीतून थोडे आयन निर्वातात निसटतात आणि त्यांचं वजन होतं. जत्रेच्या मैदानात न शिरता फाटकातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात काय आहे ते बघून आतला बाजार ओळखावा, तसं हे. अट एकच. फाटकापाशी चेंगराचेंगरी होता कामा नये, नाहीतर बाहेर येणारा माणूस आतल्यासारखा राहत नाही. फटीचं माप, पंपांची ताकद, कोठीचं तापमान हे जमवण्यात खरी कारागिरी होती.

मग दोन आम्लारी एकाच कोठीत सोडायचे आणि प्रोटॉन कोणाकडे किती वेळा सापडतो ते मोजायचं. त्या गुणोत्तरावरून ऊर्जेचा फरक निघतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या अशा मोजमापांतून आज स्थिरावलेले प्रोटॉनच्या ओढीचे आकडे, दर मोलला किलोजूलमध्ये, असे आहेत: अमोनिया ८५४, मिथिलअमाइन ८९९, डायमिथिल ९३०, ट्रायमिथिल ९४९. सरळ चढता जिना. तिसऱ्या मिथिलनं कुणाचंच घोडं मारलेलं नव्हतं.

मग पाण्यात काय होतं? प्रोटॉन घेतल्यावर अमोनियाचा जो आयन होतो, त्याला चार हायड्रोजन असतात, म्हणजे पाण्याला धरायला चार हात. मिथिलवाल्याला तीन, डायमिथिलवाल्याला दोन, ट्रायमिथिलवाल्याला एकच. जितके हात जास्त तितकं पाणी त्याला घट्ट सांभाळतं. मिथिल वाढले की रेणूची स्वतःची ताकद वाढते आणि पाण्याचा आधार कमी होतो. या ओढाताणीतून आपला तो वेडावाकडा क्रम निघतो. आपण तो रेणूचा स्वभाव म्हणून शिकवत होतो. स्वभाव त्याचा निराळाच होता, संगतीनं झाकलेला.

स्टॅनफर्डला जॉन ब्राउमन यांनी १९६८ मध्ये अल्कोहोलांच्या बाबतीत असाच धक्का दिला. द्रावणात मिथेनॉल जास्त आम्लधर्मी, म्हणजे प्रोटॉन सोडायला जास्त तयार, टर्शरी ब्युटिल अल्कोहोल कमी. वायूत बरोबर उलटं, आणि पाणी त्या सगळ्यांच्याही मागे.

केबार्ले मात्र पाणी काढून थांबले नाहीत. त्यांनी ते परत घातलं, एकेक रेणू मोजून. मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत आवडतो. कोठीत थोडी वाफ सोडली की आलेखावर उंचवटे दिसतात: १९, ३७, ५५, ७३. फरक बघा, दर वेळी १८. पाण्याचा एक रेणू १८, त्याला प्रोटॉन चिकटला की १९, मग त्यावर एकेक रेणू चढत जातो. तापमान बदलत मोजलं की प्रत्येक रेणू किती घट्ट बसलाय तेही कळतं. १९ वर चढणारा पहिला सुमारे १३० किलोजूलनं, पुढचा ८०च्या आसपास, त्यापुढचा आणखी कमी. साध्या पाण्याची वाफ करायला ४४ लागतात. म्हणजे जसजसा जिना चढावा तसतसे आपण बादलीतल्या पाण्याच्या जवळ जातो. द्रावण म्हणजे काय, हे असं एकेक पायरी चढत बघता येईल असं मला विद्यार्थिदशेत कुणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यात तेच आकडे भलतीकडे सापडले. १९६५ मध्ये नार्सिसी आणि बेली यांनी रॉकेटवरून वर नेलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरचे निष्कर्ष छापले. सुमारे ८० किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, खालच्या थरात, नायट्रिक ऑक्साइडचे आयन भेटतील अशी अपेक्षा होती. भेटले १९ आणि ३७. इतक्या वर, जिथे पाणी जवळजवळ नाहीच, तिथे पाण्याचे झुबके! रात्री ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हची दूरची केंद्रं का लागायची, ते आठवा. दिवसा या थरातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे त्या लहरी गिळल्या जातात. सूर्य मावळला की तिथले इलेक्ट्रॉन भराभर आयनांना मिळून संपतात, आणि साध्या आयनांपेक्षा हे झुबके त्यांना लवकर पकडतात.

आता तुमच्या उपयोगाचं. श्वास तपासणारी काही यंत्रं आज याच हिशेबावर चालतात. हवेत १९चे, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या पाण्याचे, आयन सोडायचे. पाण्याची प्रोटॉनची ओढ ६९१. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांची त्याहून कमी, त्यामुळे ते ढुंकूनही बघत नाहीत. अॅसिटोनची ८१२, तो प्रोटॉन उचलतो आणि ५९वर दिसतो. उपास कडक असेल तर श्वासातला अॅसिटोन वाढतो. एकादशी अन् दुप्पट खाशी असेल तर, साबुदाण्याच्या कृपेनं, यंत्राला फारसं काही सांगायला उरत नाही.

फॉर्माल्डिहाइड मात्र छळतो. त्याची ओढ ७१३, पाण्याहून जेमतेम वर. कोरड्या हवेत आकडा ठीक येतो. दमट हवेत आजूबाजूचं पाणी त्याच्या हातातला प्रोटॉन परत हिसकावतं, आणि आलेखावर फॉर्माल्डिहाइड असतो त्याहून कमी दिसतो. त्यामुळे ही यंत्रं चालवणारे लोक फॉर्माल्डिहाइडचा आकडा लिहायच्या आधी ३७चा उंचवटा बघून घेतात; हवा दमट असेल तर तो वाढलेला असतो.