राजवाड्यावरची सहा मिनिटे

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा बाहेर पावसाची रिपरिप सुरू होती. दुपारी राजघराणे बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात येणार होते आणि त्याच वेळी भूदल, नौदल व हवाई दल या तिन्ही सेनादलांची साठहून अधिक विमाने आणि हेलिकॉप्टरे सुमारे सहा मिनिटे त्यांच्या माथ्यावरून जाणार होती. मॉल या रस्त्यावर छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या गर्दीला प्रत्यक्षात दिसली ती थोडी हेलिकॉप्टरे आणि त्यांच्यामागून लाल, पांढरा व निळा धूर सोडत गेलेली ‘रेड अ‍ॅरोज’ या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाची विमाने. बाकीचा सगळा ताफा हवामानामुळे रद्द करण्यात आला होता. महिनोन् महिने आखलेली सलामी अशी आयत्या वेळी आटोपती घेतली गेली, याबद्दल अनेकांनी हळहळ व्यक्त केली. परंतु राजसमारंभातील हवाई सलामी कशी घडते हे जाणणाऱ्याला त्या निर्णयात वावगे काही दिसणार नाही.

ब्रिटनच्या राजसमारंभांना पावसाने गाठण्याची ही पहिली वेळ नव्हती. २ जून १९५३ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला, तो दिवसही थंड आणि पावसाळीच होता. त्या दिवशीचे हवाई संचलन लांबणीवर पडत पडत अखेर संध्याकाळी पाचनंतर झाले. ढगांखालून १६८ जेट लढाऊ विमाने तुकड्यातुकड्यांनी राजवाड्यावरून गेली. त्यांपैकी १४४ ब्रिटिश हवाई दलाची मिटिऑर होती, तर २४ कॅनडाच्या हवाई दलाची सेबर. त्यानंतर दीड महिन्याने, १५ जुलै रोजी, हॅम्पशरमधील ओडिअम या हवाई तळावर राणींनी हवाई दलाची पाहणी केली. तेथे जमिनीवर रांगांनी मांडलेली शेकडो विमाने होतीच, शिवाय सहाशेहून अधिक विमाने एकामागून एक राणींच्या समोरून उडत गेली. महायुद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि शीतयुद्ध ऐन भरात होते, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्या संख्येचा अर्थ कळतो. ते संचलन राणींसाठी जितके होते, तितकेच ते दूरवरून पाहणाऱ्या इतर देशांसाठीही होते.

राज्याभिषेक पिढीतून एखाद्या वेळीच येतो, त्यामुळे हवाई सलामीचा नेमाने येणारा प्रसंग म्हणजे जून महिन्यातील ‘ट्रूपिंग द कलर’, अर्थात राजाच्या अधिकृत वाढदिवसाचे संचलन. राजाचा खरा जन्मदिवस कोणताही असो, अधिकृत वाढदिवस उन्हाळ्यातच साजरा होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गादीवर असलेले सातवे एडवर्ड नोव्हेंबरमध्ये जन्मले होते आणि लंडनचा नोव्हेंबर उघड्यावरच्या सोहळ्याला सोयीचा नाही, म्हणून ही प्रथा रुळली. योगायोगाने राजे चार्ल्स यांचाही जन्म १४ नोव्हेंबरचा. वाढदिवसच हवामान पाहून ठरवावा इतकी सावधगिरी असूनही जूनमधला पाऊस अधूनमधून आपला हिसका दाखवतोच.

आता हे गणित जुळवले कसे जाते ते पाहू. हॉर्स गार्ड्स मैदानावरील संचलन आटोपून राजघराणे राजवाड्यात परतते आणि सर्वसाधारणपणे दुपारी एक वाजता सज्जात उभे राहते. नेमक्या त्या क्षणी पहिली तुकडी माथ्यावर यावी लागते. भाग घेणारी विमाने देशभरातील वेगवेगळ्या तळांवरून उडतात, पूर्वेकडील सफोकच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर ठरलेल्या ठिकाणी घिरट्या घालतात आणि आपापली वेळ झाली की एकाच मार्गाने लंडनकडे निघतात. खरी अडचण वेगाची असते. हेलिकॉप्टर ताशी शंभर नॉट, म्हणजे साधारण १८५ किलोमीटर वेगाने येते असे धरले, तर जेट विमान त्याच्या तिप्पट वेगाने येते. किनाऱ्यापासून राजवाड्यापर्यंतचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर मानले, तर हेलिकॉप्टरला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल आणि जेटला सोळा-सतरा मिनिटे पुरतील. याचाच अर्थ असा की दोघांनी तिथूनच सुरुवात केली, तर जेट विमानांनी अर्धा तास उशिरा निघायचे, वाटभर पुढच्या तुकड्यांचे अंतर तोडत यायचे आणि तरीही राजवाड्यावर त्यांना गाठायचे मात्र नाही. दोन तुकड्यांमध्ये राखायचे अंतर बऱ्याचदा अर्ध्या मिनिटाचे असते. राजवाडा ओलांडला की पुढच्या तुकडीने ठरलेल्या दिशेला वळून मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करायची असते. वारा समोरून आला, तर तुकडीच्या प्रमुखाला हिशेब उडता उडताच पुन्हा मांडावा लागतो.

सज्जात उभ्या असलेल्या माणसांना यातले काहीच दिसत नाही. राजवाड्याचा दर्शनी भाग मॉलच्या दिशेला आहे आणि विमाने मॉलच्या रेषेतच समोरून येतात. त्यामुळे आधी क्षितिजावर काही ठिपके, मग पंख आणि मग आवाज, अशा क्रमाने ती प्रकट होतात. जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा तो रस्ता जेट विमान सहा-सात सेकंदांत पार करते. गर्दीतले अनेक जण फोनचा कॅमेरा सुरू करेपर्यंत तुकडी राजवाड्यामागे गेलेली असते.

ढगांची एवढी धास्ती का, याचे उत्तर वैमानिकाच्या नजरेत आहे. तुकडीत उडणारा वैमानिक समोर पाहत नाही. तो शेजारच्या विमानाकडे पाहतो. त्या विमानाच्या पंखाच्या टोकावरचा दिवा आणि त्याच्या अंगावरची एखादी ठरावीक खूण एका रेषेत दिसली, म्हणजे आपण योग्य जागी आहोत असे तो समजतो, आणि ती रेष जराही हलली की हातातल्या दांड्याने व इंजिनाच्या शक्तीने तो ती पुन्हा जुळवतो. दाट ढगात शेजारीच दिसेनासा झाला, तर पंधरा-वीस विमानांची जवळजवळची रचना टिकवणे धोक्याचे होऊन बसते, आणि खाली दाट वस्तीचे शहर असते. हेलिकॉप्टरे कमी उंचीवरून, सावकाश, ढगांच्या खालून येऊ शकतात. ‘रेड अ‍ॅरोज’ हे वर्षभर एकत्रच उडणारे नऊ विमानांचे पथक आहे. मे २०२३मध्ये नेमके हेच दोन गट का उडाले, ते यावरून ध्यानात यावे.

दाट वस्तीवरून उडण्याची जोखीम किती खरी आहे, हे १९५९च्या सप्टेंबरमध्ये दिसले होते. तो प्रसंग राजघराण्याचा नव्हता. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या १९४०मधील हवाई युद्धाच्या स्मरणार्थ लंडनवरून विमाने जात होती. त्यांतील स्पिटफायर या महायुद्धकालीन लढाऊ विमानाचे एकुलते एक इंजिन बंद पडले आणि ते चालवणारे एअर व्हाइस मार्शल हॅरल्ड मॅग्वायर यांनी ते ब्रॉम्ली येथील एका क्रिकेट मैदानावर उतरवले. खेळाडू चहापानासाठी बाहेर गेलेले होते, म्हणून मैदान रिकामे होते. क्रिकेटमधील चहापानाने इतके मोलाचे काम दुसऱ्यांदा कधी केले असेल असे वाटत नाही. त्यानंतर बरीच वर्षे एका इंजिनाच्या या जुन्या विमानांना लंडनवरील संचलनात स्थान मिळाले नाही. आज ती पुन्हा दिसतात आणि त्यांच्या मधोमध असते चार इंजिनांचे लँकॅस्टर हे त्याच काळातील बॉम्बफेकी विमान. जगात उडण्याजोगी लँकॅस्टर दोनच उरली आहेत, एक ब्रिटनच्या हवाई दलाकडे आणि दुसरे कॅनडात.

दरम्यान हवाई दलाचा आकार बदलला. राज्याभिषेकाच्या एका संध्याकाळी १६८ जेट लढाऊ विमाने पाठवणे ही १९५३मध्ये शक्य कोटीतील गोष्ट होती. आज या हवाई दलाकडे असलेल्या टायफून जेट लढाऊ विमानांची एकूण संख्याही त्याहून कमी आहे. म्हणून डोळे दिपवण्याचे काम आता संख्येपेक्षा आकृतीवर अधिक सोपवलेले दिसते. हवाई दलाच्या शताब्दीनिमित्त १० जुलै २०१८ रोजी शंभर विमाने राजवाड्यावरून गेली आणि त्यांतील २२ टायफूननी आकाशात ‘१००’ हा आकडा रेखला. २ जून २०२२ रोजी, राणींच्या कारकिर्दीला सत्तर वर्षे झाल्याच्या सोहळ्यात, १५ टायफूननी ‘७०’ घडवला. गंमत अशी की आकडा घडवणाऱ्या वैमानिकांपैकी कोणालाही तो दिसत नाही. प्रत्येकाला दिसतो तो शेजारी. म्हणून अशा रचनेच्या वेळी वेगळे एक विमान तिच्यावर नजर ठेवते आणि कोण मागे पडला, कोण बाहेर सरकला हे रेडिओवरून सांगते.

‘रेड अ‍ॅरोज’बद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय या सलामीचा शेवट होत नाही. १९६५च्या पहिल्या हंगामात हे पथक नॅट विमाने उडवत होते. त्याच वर्षीच्या युद्धात आपल्या हवाई दलाने पाकिस्तानच्या सेबर विमानांविरुद्ध उतरवले, ते याच नॅटचे एकआसनी लढाऊ रूप. पुढे पथकाने हॉक विमान स्वीकारले आणि आपल्या ‘सूर्यकिरण’ पथकाकडेही आज हॉकच आहे, अर्थात त्याची नंतरची आवृत्ती. आकाशात उमटणारा धूर म्हणजे विमानाच्या तप्त झोतात सोडलेले डिझेल असते. नुसते डिझेल पांढरा धूर देते आणि त्यात रंग मिसळला की लाल किंवा निळा.

राज्याभिषेकाच्या दिवशी हुकलेली सलामी १७ जून २०२३ रोजी, राजे चार्ल्स यांच्या पहिल्या अधिकृत वाढदिवसाच्या संचलनात, भरून काढण्यात आली. या वेळी आकाश मोकळे होते. सुमारे सत्तर विमाने आली आणि १८ टायफूननी ‘चार्ल्स रेक्स’ या राजनामाची ‘सी’ व ‘आर’ ही रोमन आद्याक्षरे राजवाड्यावर आणली. पुढच्या वर्षी ताफ्यात जुनी विमाने नव्हती. मे २०२४मध्ये एका स्पिटफायरच्या अपघातात वैमानिकाचा मृत्यू झाल्याने ही जुनी विमाने उडवणाऱ्या हवाई दलाच्या स्मारक पथकाची उड्डाणे थांबवलेली होती. ‘रेड अ‍ॅरोज’ मात्र पावसाळी आकाशातून आले. त्यांच्याकडची हॉक विमाने आता जुनी झाली आहेत. हवाई दलाच्या इतर तुकड्यांनी हे मॉडेल २०२२मध्येच निवृत्त केले असून, या पथकापुरते ते २०३०पर्यंत चालवण्याचे ठरवले आहे.